मंदाताईंचं खवचट अवजार

मंदाताई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या की आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातली भलीभली माणसं सावरून बसायची. बोलणं मोजकं, पण झोंबणारं. त्यांनी लिहिलेलं अवजारही अगदी त्यांच्यावरच गेलं होतं.

अवजार म्हणजे एक लहानसा प्रोग्राम. आमच्या यंत्राला फक्त बाइटकोड कळतो, म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. ती हाताने लिहायची म्हणजे डोक्याला ताप. मंदाताईंच्या अवजाराला 'हा आकडा ठेव, तो ठेव, बेरीज कर, त्या खुणेवर जा' अशा साध्या सूचना दिल्या की ते बाइटकोड बनवून द्यायचं. चुकलात तर मात्र खैर नाही. "ओळ बारा: आत काहीच ठेवलेलं नाही. उचलणार काय?" किंवा, "दोन खुणांना एकच नाव. पोस्टमनने जावं कुठे?" धायरीहून येणाऱ्या संपतने ही बोलणी सगळ्यात जास्त खाल्ली.

मंदाताईंची निवृत्ती जवळ आली, तेव्हा साहेबांनी विचारलं, हे पुढे सांभाळणार कोण? शिवाय नवी मंडळी दुखावतात. भाषा मवाळ करा, नाहीतर अवजार बंद करू. मला वाटलं, आता साहेबांची धडगत नाही. पण मंदाताई 'बरं' म्हणून जागेवर परतल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून अवजार प्रत्येकाला एकच सांगू लागलं: "काहीतरी चूक झाली आहे. कृपया पुन्हा तपासा." मला फार वाईट वाटलं. बसच्या कंडक्टरलाही न सोडणारी ही बाई.

पुढच्या आठवड्यात संपत त्यांच्याकडे आला. सकाळपासून त्याला चूक सापडत नव्हती.

"मॅडम, पहिल्यासारखं बोलू द्या ना त्याला. लागायचं, पण कुठं चुकलं ते तरी कळायचं."

मंदाताई म्हणाल्या, बोलकं ठेवलं तर बंद पडेल. मुकं का होईना, राहू दे.

संपत तिथून थेट साहेबांकडे गेला. अवजार त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं, तक्रार आली तर उत्तर मी देईन म्हणाला, आणि जुनी बोलणी होती तशी परत घातली. साहेबांना जबाबदार माणूस हवा होता, तो मिळाला.

निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं. मंदाताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर त्या संपतकडे वळल्या.

"मी घाबरले," त्या म्हणाल्या. "अवजार बंद पडलं तर माझं इथे काय उरणार, असं वाटलं. इतकी वर्षं तुझ्या चुकाच बघत आले रे. तू दिसलाच नाहीस."

आणि डोळे पुसत खाली बसल्या.