पानात टाकायचं नाही

कोरियाच्या राजाच्या सिंहासनावरून मला उठवण्यात आलं, याबद्दल मी कोणाची माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. सिंहासन रिकामं होतं आणि मला बसायचं होतं.

त्यासाठी कोरियाला जावं लागलं नाही. आमच्या निखिलनं लग्नासाठी सोही नावाची कोरियन मुलगी पसंत केली आणि तिच्या आईशी आमची पहिली भेट ठरली. सोहीची आई शिकागोजवळच्या एका छोट्या कोरियन म्युझियममध्ये गाइड आहे. आधी कोरियन हॉटेलात जेवण, मग तिनं आम्हाला म्युझियम दाखवायचं, असा बेत होता.

नेपरव्हिलच्या आमच्या घरून निघालो तसा निखिल सुरू झाला. "बाबा, फर्स्ट इम्प्रेशन आहे, प्लीज. तिच्या आईनं अजून हो म्हटलेलं नाही. आणि तिथलं स्पायसी असतं यार. संध्याकाळी घरी येऊन दहीभात मागाल."

"मी जळगावचा आहे," मी म्हणालो. "दहीभात मागितला तर नाव बदलीन."

"नावाचं राहू द्या," सुलभा (आमची सौ.) म्हणाली. "चारचौघांत नीट वागा म्हणजे झालं."

हॉटेलात बसतो न बसतो तोच टेबलावर वाट्याच वाट्या आल्या. किमची (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं), मुळा, पालक, मोड आलेलं काहीतरी, इवलेसे गोड-तिखट मासे. आपली पानातली डावी बाजूच म्हणा ना! आता आमच्या घरात एकच संस्कार वळ उठेपर्यंत झालेला: पानात टाकायचं नाही. मी एकेक वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. सोहीच्या आईनं रिकाम्या वाट्यांकडे पाहिलं, वाढणाऱ्या बाईंना खूण केली, आणि सगळ्या वाट्या पुन्हा भरून आल्या.

मी मनात म्हटलं, वा, आग्रह! विहीणबाई आपल्यातल्याच निघाल्या. आणि व्याह्यांचा आग्रह मोडला म्हणून ऐन मांडवात रुसवेफुगवे झालेले मी डोळ्यांनी पाहिलेत. मी पुन्हा वाट्या संपवल्या. त्यांनी पुन्हा खूण केली.

"अहो, पुरे आता," सुलभा कुजबुजली. "कपाळावरून घाम ओघळतोय."

"मग पानात टाकू? पहिल्याच भेटीत?"

तिसऱ्या खेपेला मी पंगतीत करतात तसे दोन्ही हात वाट्यांवर आडवे धरले. वाढणाऱ्या बाईंना वाटलं, हा माणूस वाट्या उचलू देत नाहीये, बिचारा भुकेला आहे. त्यांनी प्रेमानं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि किमचीचा मोठा वाडगाच आणून ठेवला. पलीकडे सोहीशेजारी बसलेला निखिल अंगठा उंचावून मला शाबासकी देत होता. सोहीची आई हात जोडून कौतुकानं बघत होती. मी डोळे मिटले आणि वाडगा संपवला.

मग मुख्य जेवण आलं. (हो, ते अजून यायचंच होतं.) तेही संपवलं.

म्युझियममध्ये शिरलो तेव्हा मी चालत नव्हतो, मला नेलं जात होतं. एका दालनात राजवाड्याचा दरबार हुबेहूब उभा केला होता. सोहीची आई खांबांवरची नक्षी समजावत होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र साऱ्या दालनात बसण्याजोगी एकच जागा होती. पुढे दोरी होती, ती मी ओलांडली.

"आणि या आसनावर राजाखेरीज कोणालाही..." म्हणत त्या वळल्या.

"सर!" गार्ड धावत आला.

"बाबा! उठा ना!" निखिल दातओठ खात म्हणाला.

"उठता आलं असतं तर इथं बसलो असतो का?"

दोघांनी दोन्ही दंडांना धरून मला सिंहासनावरून उतरवलं. सुलभा पदरात तोंड लपवून उभी होती. झालं, मोडलं लग्न, असं माझ्याही मनात आलं. मग मी इंग्रजीत सरळ सांगून टाकलं की तुमच्या आग्रहाचा मान राखायला मी सगळं खाल्लंय, आमच्यात पानात टाकत नाहीत.

सोहीच्या आईनं गालावर हात ठेवला. "अहो, आमच्यात वाटी रिकामी दिसली की पाहुण्याला कमी पडलं असं समजतात! पोट भरलं की थोडं ठेवायचं असतं. आमचे राजेसुद्धा थोडं खाऊन बाकीचं ठेवायचे. उरलेलं नोकरचाकर खायचे."

"म्हणजे आज यांनी राजाचं आणि नोकरांचं, दोन्ही कामं केली," सुलभा म्हणाली.

त्या इतक्या हसल्या, की गार्डलाच त्यांच्यासाठी खुर्ची आणावी लागली. (मला नाही आणली.) डोळे पुसत त्या सोहीला कोरियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. सोही निखिलच्या कानाशी लागली आणि निखिल लाजला. "हो म्हणतायत," तो म्हणाला. "म्हणतायत, ज्या घरात पाहुण्याचं मन राखायला एवढं सोसतात, तिथं मुलगी सुखात राहील."

संध्याकाळी घरी सोफ्यावर आडवा पडलो होतो. सुलभानं समोर दहीभाताचं ताट आणून ठेवलं. मी मागितला नव्हता, हे नीट लक्षात ठेवा. जळगावचं नाव राखलं. पण वाढलेला भात टाकायचा कसा? कसाबसा संपवला.

रिकाम्या ताटाकडे बघून सुलभा म्हणाली, "अजून थोडा वाढू?"