नळीचा काठ

गल्लीत तिला सगळे दातवाल्या बाई म्हणत. तिचे स्वतःचे दात काही फार देखणे नव्हते, पण निम्म्या शहराच्या तोंडात तिच्या हातचे दात होते. दातांच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या बाकावर बसून ती कवळ्या घडवायची. डोळ्याला भिंग, हातात मेण कोरायची सुरी, आणि तोंडात डॉक्टरांच्या नावाने शिव्या. मापं चुकीची पाठवायची डॉक्टरांनी आणि बोलणी खायची हिने, मग शिव्या नाही देणार तर काय आरती ओवाळणार? पण कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोरचा दात कुठला देवाचा आणि कुठला बाईंचा, हे खुद्द प्रयोगशाळेच्या मालकांनाही ओळखता यायचं नाही.

रविवार मात्र तिचा स्वतःचा. गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण होती, तिथे नेमबाजीचा क्लब भरायचा. बाई वडिलांची पॉइंट टू-टू रायफल खांद्याला लावून बसने जायची. रायफल कुठली, म्हातारीच ती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता वडिलांच्या गालाने आणि मग हिच्या गालाने घासून गुळगुळीत झालेला. बोल्ट ओढला की कपाटाची जुनी कडी सरकवल्यासारखा आवाज. गोळी सुटली तरी फळी आपटल्याएवढंच वाजायचं, खांद्याला धक्का म्हणून नाही. क्लबातली नवी मंडळी चार ठिकाणी स्क्रू फिरवायच्या महागड्या रायफली घेऊन यायची आणि हिला विचारायची, काय बाई, म्युझियमवाल्यांना विचारून आणलीत ना? बाई गोळ्या मोजून घ्यायची. सतरंजीवर पालथी पडायची, नेमाच्या मागच्या भोकातून पुढची कडी बघायची, अर्धा श्वास सोडायची आणि बोट असं हळू मागे घ्यायची, की गोळी कधी सुटली ते तिचं तिलाही कळू नये. पाच गोळ्यांची भोकं शर्टाच्या एका बटणाखाली झाकायची. मग थट्टा करणारे गुपचूप आपले स्क्रू फिरवत बसायचे.

त्या सतरंजीवर तिला काय मिळायचं ते सांगून समजणार नाही. आठवडाभराची डोक्यातली कटकट श्वासाबरोबर बाहेर जायची. घरचं, दारचं, डॉक्टरांचं काही उरायचं नाही. एवढं सुख बाईमाणसाला कुणी फुकट देत नाही, तिने ते हाताने कमावलेलं होतं.

आता नवऱ्याबद्दल. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, स्वभावाने गरीब, आणि टापटिपीचा इतका की बघणाऱ्याला दम लागावा. बूट, कुलपं, दारांच्या मुठी, जे हाताला लागेल ते घासायचा. बाई रविवारी दमून आली की हा दारातच हात पुढे करायचा, आण इकडे, तू बस. मग रायफल कोपऱ्यात उभी करायची, वडिलांच्या लाकडी पेटीतली पोलादी सळई काढायची, तिला चिंधी गुंडाळायची आणि वरून, नळीच्या तोंडातून, खालीवर, खालीवर. चहा होऊन निवला तरी याचं चालूच. बोल्ट काढून मागून साफ करता येते, पण बोल्ट परत बसवायचा म्हणजे याला धडकी भरायची. बाईने तिकडे कधी बघितलंच नाही. नवरा आपली रायफल पुसतो याचंच तिला कोण कौतुक. क्लबातल्या बायकाही म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. काढलं खरं.

मग नेम जायला लागला. एकदम नाही, हळूहळू. बटणाखाली मावणारी भोकं बशीखाली मावेनात. तिने चष्मा बदलला. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम आहेत. मग उरला हात. तिने हात समोर धरून बघितला, आणि कोणताही हात फार वेळ असा बघत बसलं की तो थरथरतोच. क्लबच्या संघातून तिने स्वतःहून नाव काढून घेतलं. कुणी काढून टाकण्याआधी आपणच निघालेलं बरं, अशी तिची जात.

तेवढ्यावर थांबतं तर ठीक होतं. पण भीती काय रविवारपुरती थोडीच राहते? सोमवारी ती बाकावर आली, मेणाची सुरी हातात घेतली आणि सुरीच्या टोकाकडे बघत बसली. एक दात दोनदा मोडून पुन्हा घडवला. रुग्णाच्या तोंडात आपला चुकलेला दात जायला नको, म्हणून एक दिवस तिने मालकांना सांगितलं की बाक दुसऱ्याला द्या. मालकांनी हळहळ केली आणि दुसऱ्याच आठवड्यात भाच्याला तिथे बसवलं. बाई फोन घ्यायच्या टेबलावर गेली. मज्जातंतूंच्या डॉक्टरकडेही जाऊन आली. नवरा बरोबर होता, रस्ता ओलांडताना त्याने तिचा दंड धरला होता. डॉक्टर म्हणाले, विशेष काही नाही, वयाचं असेल. नवऱ्याने मान हलवली.

रायफल मग भिंतीला टेकून राहिली. जिवंत माणसाकडे पाठ करून बसावं तशी बाई तिच्याकडे पाठ करून जेवायची. शेवटी ती म्हणाली, विकून टाकते. क्लबच्या सेक्रेटरीने गिऱ्हाईक आणलं, क्लबातलाच, जुन्या रायफलींचा नाद असलेला एक वकील.

वकील म्हणाला, एकदा चालवून दाखवा. बाई बऱ्याच काळाने सतरंजीवर पडली. पाच गोळ्या झाडल्या, पाच भोकं पाच दिशांना. तिने उठून आधी माफी मागितली, रायफल चांगली आहे हो, माझा हात गेलाय. वकील भला माणूस, म्हणाला, मी बघतो. त्याने पाच झाडल्या. त्याचीही बशी. तो क्लबातला एक नंबरचा नेमबाज होता, त्यामुळे सगळे रायफलीकडे बघायला लागले. मग त्याने स्वतःची रायफल बाईपुढे धरली.

बाई नको म्हणत होती. ती सतरंजीवर परत पडली, आता पळायला जागा नव्हती. हीसुद्धा बशी निघाली तर हात गेला तो गेला. तिने कडी बघितली, अर्धा श्वास सोडला. पाचदा. सेक्रेटरी निशाणाचा कागद घेऊन आला तेव्हा त्याच्या मधोमध एकच ओबडधोबड भोक होतं.

बाईला आनंद व्हायला हवा होता, नाही का? तिने पर्समधून दात बघायचं भिंग काढलं, वडिलांची रायफल उजेडाकडे वळवली आणि नळीचं तोंड बघितलं. गोळी बाहेर पडते त्या काठावर गोळीला गिरकी देणारे आतले पीळ स्वच्छ, धारदार असायला हवेत. एका बाजूचे पार झिजून गेले होते. हे असलं झिजणं तिने हजारदा पाहिलं होतं. ज्या लोकांना दात घासायचं वेड असतं, त्यांचे दात मुळाशी असेच एका अंगाने खाल्ले जातात. कीड नसते, घाण नसते. नुसती टापटीप.

सेक्रेटरी चाचरत म्हणाला, "मी तुमच्या साहेबांना सांगितलं होतं. क्लबच्या वार्षिक संमेलनाला ते व्हरांड्यात साफ करत होते तेव्हा. म्हटलं, सळई पुढून घालू नका, काठ जातो. यामुळेच बाईंचा नेम बिघडला असेल, काठ कापून सरळ करून घ्या, म्हटलं. मला वाटलं, करून घेतलं असेल. त्यांनी घरी सांगितलं नाही?"

ते संमेलन झालं तेव्हा बाई अजून संघात होती. बाकही तिचा होता. मज्जातंतूंचा डॉक्टर तर पुष्कळ नंतरचा. आणि तिला आठवलं की त्या संमेलनापासून नवऱ्याने सळई पेटीतून काढलीच नव्हती, नुसता दस्ता पुसायचा. तिने विचारलंही होतं, तर म्हणाला होता, आता तू कुठे एवढी झाडतेस.

रायफल विकली नाही. बाई ती घेऊन घरी आली. नवऱ्याने दारात हात पुढे केला. तिने रायफल दिली नाही. आत जाऊन खुर्चीत बसली आणि संमेलनाचं विचारलं. तो आधी इकडचं तिकडचं बोलला, मग हातातल्या फडक्याची घडी घालत म्हणाला,

"मला वाटलं, तू म्हणशील माझ्यामुळे झालं."

"आणि मी काय म्हणत होते?"

"म्हणत होतीस, माझा हात गेला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

त्याने घडी उलगडून पुन्हा घातली. "म्हटलं, वयाप्रमाणे होतं," तो म्हणाला.

त्याने मुद्दाम केलं असतं तर बाई भांडून, चार भांडी फोडून मोकळी झाली असती. पण हा माणूस दुष्ट नव्हता, हीच तर पंचाईत. स्वतःची एवढीशी चूक झाकायला त्याने तिचा अख्खा हात देऊन टाकला, आणि वर दंड धरून रस्ता ओलांडून दिला.

नळीचा काठ कापायचं काम फार मोठं नव्हतं. कारागिराने पुढचा बोटभर तुकडा काढला, नवा काठ केला, आणि म्हातारी परत पहिल्यासारखी मारायला लागली. बाई मालकांकडेही गेली. मालक म्हणाले, तुमचं सगळं खरं हो बाई, पण आता भाच्याला उठवू कसा? ती फोनच्या टेबलावरच राहिली.

रविवारी ती खाणीत जाते. आल्यावर रायफल स्वतः साफ करते, बोल्ट काढून, मागून. नवरा फडकं घेऊन दारात उभा राहतो आणि मग दाराची मूठ पुसतो. जेवायला बसले की बाई त्या दिवशीचा कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवते. मधोमध एकच भोक. तो कागदाकडे बघतो, चांगलं आहे म्हणतो आणि जेवतो. हे काही शोभणारं नाही हे तिलाही कळतं. पूर्वी रविवारी ती हलकी होऊन घरी यायची, आता सतरंजीवर पडल्यापासूनच तिच्या डोळ्यांपुढे ते ताट असतं. तरी कागद ती ठेवतेच.

परवा त्याने घास खाली ठेवला. "किती दिवस दाखवणार आहेस?" त्याने विचारलं.

"हात चालतोय तोवर," बाई म्हणाली, आणि त्याला वाढलं.