योगिताच्या कानबाईचं दळण

सुरतेत लिंबायतला राहणाऱ्या भागीरथीबाईंना स्वस्थ बसणं जमत नाही. त्यांच्या घरात एक खुर्ची आहे. तिच्यावर कपडे बसतात. चहा त्या उभ्यानं पितात आणि आरती म्हणतानाही त्यांचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर असतं. नवरा पांडेसऱ्याच्या रंगाई मिलमध्ये होता. तो गेला तेव्हा पोरगा शुभम कडेवर होता. नातेवाईक तेराव्यापर्यंत थांबले आणि मग सगळ्यांना एकदम आपापलं गाव आठवलं. तेव्हा बाई जी उभी राहिली, ती अजून उभीच आहे.

मार्केटातून साड्यांचे गठ्ठे आणून गल्लीतल्या बायांना सुटे धागे कापायला द्यायचे, हा त्यांचा धंदा. पण जीव अडकलेला शनिवारच्या बैठकीत. देवीच्या लहानशा देवळात पदरात पोरं असलेल्या एकट्या बाया जमतात. कुणाचा नवरा वारलेला, कुणाचा असून नसलेला, कुणी मार खाऊन निघालेली. आधी कानबाईची गाणी होतात. खानदेशी माणसांची ही देवी श्रावणातल्या एका रविवारी घरी पाहुणी येते आणि सोमवारी तापीत जाते. गाणी झाली की भागीरथीबाईंचं प्रवचन. "माय येणार शे, तर घर तिच्या लायक ठेवा. म्हणजे पोरगी शाळेत, आधार कार्ड हातात, आणि रडणं बंद. रडक्या घरी पाहुणी टिकत नाही." प्रत्येक नव्या बाईला एक जुनी बाई नेमून दिलेली असते, तिनं रोज सकाळी जाऊन विचारायचं, जेवलीस का. योगिताला बाईंनी स्वतःकडेच ठेवून घेतलं. ती फार गप्प होती, आणि गप्प माणसांशी बाईंचं चांगलं जमतं. मधे कोणी बोलत नाही.

योगिता भेस्तानच्या सासरहून पोरीला घेऊन निघाली होती. नवरा गोपाल हात उचलायचा, आणि त्याचे दोघे भाऊ टीव्हीचा आवाज वाढवायचे. आता भाड्याची खोली होती, धागा कटिंगचं काम होतं, चार वर्षांची पल्लवी बालवाडीत जात होती. यंदा ती पहिल्यांदा स्वतःच्या खोलीत कानबाई बसवणार होती. हे कळल्यापासून सासू काशीबाईचा रोज फोन. "बिनपुरुषाच्या घरात कानबाई बसते का? मुकाट्यानं घरी ये. गोपाल काही बोलणार नाही." फोन ठेवल्यावर योगिता बराच वेळ भिंतीकडे बघत राहायची. एवढ्या एका वाक्यावर ती परत जाईल, ही भीती बाईंना महिनाभर खात होती.

शनिवारी सकाळी योगिताच्या खोलीत गहू निवडायला बाया बसल्या. कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायची रीत ठरलेली: घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ. भागीरथीबाईंनी आजवर किती घरांचे गहू मोजले असतील, त्यांनाच ठाऊक. हात सुपात गेला आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "हं, बोल. पुरुष कितला?"

सुपं थांबली. योगितानं हातातले गहू हळूच खाली ठेवले, पल्लवीला उचललं, आणि चपला घालून निघून गेली.

"शाब्बास," शेजारची मंदा म्हणाली. "सासूला जे महिनाभर जमलं नाही, ते तू एका दमात केलं."

"मन्हा तोंडातून निघी गयं, मंदा."

"तुझ्या तोंडातून काय निघत नाही ते सांग."

योगिताचा फोन बंद होता. बाई बालवाडीत जाऊन आल्या, देवळात जाऊन आल्या. घरी येऊन चहा ठेवला आणि तो उतू जायच्या आत पुन्हा बाहेर पडल्या. संध्याकाळी चक्की बंद होण्याआधी दळण झालं नाही, तर उद्या रोट नाही, आणि रोट नाही तर कानबाई नाही. पण दळणाचं कोण विचारतंय; योगिता कुठे होती?

नाक्यावर लोटू रिक्षावाला दात कोरत उभा होता. "योगिता ना? पोरीला घेऊन भेस्तानच्या रिक्षात बसली. लई वेळ झाला."

बाई त्याच्या रिक्षात चढल्या. वाटेत त्यांनी काशीबाईला ऐकवायची भाषणं मोठ्यानं म्हणून पाहिली. पहिलं फार तिखट होतं. दुसरं फार गोड. तिसऱ्याच्या मध्यावर लोटू म्हणाला, "जिजी, हे बरं आहे. पण पोलिसाचं नाव आधी घ्या." बाईंनी त्याला पुढे बघायला सांगितलं. मनातून मात्र त्या योगिताशीच बोलत होत्या, आणि तिथं एकही वाक्य धड होत नव्हतं.

भेस्तानच्या दारात काशीबाई कमरेवर हात ठेवून उभीच होती. भागीरथीबाईंनी तोंड उघडायच्या आधी तिनं सुरुवात केली.

"आली का तिची वकील? चौरंग घेऊन गेली तुमची योगिता. बापानं लग्नात दिलेला. म्हणे, मन्हा शे. उचलला आणि चालली. आता आमची कानबाई कशावर बसवू?"

"घरात कोणी अडवलं नाही?"

"गोपाल झोपला होता. हे दोघं बघत होते."

दोघं अजूनही बघत होते. टीव्ही चालू होता. बाईंना हसू आलं, आणि भांडायला म्हणून इतक्या लांब येऊन न भांडता परतायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. "पाट लावा," एवढंच त्या म्हणाल्या.

पण चौरंग घेऊन ती गेली कुठे? चौरंग काय, माहेरीही नेता येतो. लोटूला त्यांनी रिक्षा हाक म्हणून इतकं सतावलं की शेवटी तो म्हणाला, "तुम्ही उतरून पळा, लवकर पोचाल."

चक्कीपाशी रांग होती. आज चक्की धुऊन-पुसून फक्त कानबाईचंच दळण चाललं होतं. रांगेत योगिता उभी होती, डोक्यावर गव्हाचा डबा. बाजूला पल्लवी चौरंगाचा पाय घट्ट धरून, कुणी पळवून नेईल अशा धास्तीनं. बाई रिक्षातून उतरल्या आणि तिथंच थबकल्या.

"फोन बंद का ठेवला?"

"चार्जिंग संपलं, जिजी."

"मी सकाळी जे बोलले..."

"तुम्ही विचारलं ते बरंच झालं. उत्तर द्यावं लागलं." तिनं डबा खाली उतरवला. गहू डब्याच्या तळाशी होते. "तीन मुठी घेतल्या, सव्वा-सव्वा. एक मन्ही, एक पल्लवीनी, एक तुमनी."

"मन्ही काब्र? मी कशाला त्यात?"

"घरात ओरडणारं कोणी तरी लागतं ना."

रांगेतल्या बाया हसल्या. भागीरथीबाईंनी डबा उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. मंदा तिथं असती तर तिनं हे वर्षभर पुरवलं असतं. त्यांच्या नावानं कुणी मूठ घेतली नव्हती कधी. आधी नवऱ्याच्या नावानं घ्यायचे, मग शुभमच्या.

"रोट घरच्या भाऊबंदांतच खायचा असतो," त्या शेवटी म्हणाल्या.

"म्हणूनच. आणि संपेपर्यंत रोज यायचं. बसून खायचा, उभ्यानं नाही."

चक्कीवाल्यानं बसायला एक रिकामा पत्र्याचा डबा उलटा करून पुढे सरकवला. बाई आधी आत जाऊन पीठ जाड काढू नको म्हणून सांगून आल्या, बाहेर रांग सरळ केली, आणि मग आजूबाजूला बघत डब्यावर टेकल्या.

"मम्मी," पल्लवी म्हणाली, "जिजी बसल्या."

तेवढ्यात बाई उठल्या. चौरंगावर पीठ उडत होतं.