मानमोईची तुकड्यांची पेटी

सकाळपासून मानमोईच्या हातून तीनदा दोरा तुटला. एरवी छत्रीच्या कामट्यांतून रंगीत दोरा ओवायला बसली की ती चहालासुद्धा उठत नाही. सदुसष्ट वर्षांची बाई, त्यातली पन्नासेक वर्षं बोटांत दोरा. आमच्या मेईनुंगमध्ये कागदी छत्र्या करणारी घरं आता थोडीच उरलीत, आणि आतली जाळी तिच्यासारखी ओवणारी दुसरी नाही. पण आज ती दोन कामट्या ओवायची, उठायची, अंगणात तेल लावून वाळत ठेवलेल्या छत्र्या उगाच फिरवायची, घरात डोकवायची, परत यायची. तुटलेला दोरा, कामट्यांची टोकं, कागदाच्या चिंध्या, सगळं भिंतीजवळच्या तुकड्यांच्या पेटीत भिरकावायची.

आत तिची मुलगी युनचिंग बाळाला पाजत होती. बाळ आज साठ दिवसांचं झालं होतं. नाव नोंदवायला साठच दिवस मिळतात आणि नोंदणी कचेरी पाचला बंद होते.

"ठरलं ना गं नाव?" मानमोईने दारातून विचारलं.

"आई, चौथ्यांदा विचारतेयस. मानलिन. तुझं 'मान' आणि पुढे 'लिन'. तिच्या बाबांनाही आवडलंय, काल बोटीवरून फोन आला होता."

"त्यांना काय जातंय आवडायला? ते समुद्रात."

"लोकांच्या घरी आज्या खूश होतात, नातीला आपलं नाव मिळालं की."

"मग लोकांच्या घरी जा! माझं अक्षर माझ्या नातीला नको. सांगून ठेवते."

"पण का?"

मानमोई आत आली आणि बोटांवर मोजायला लागली. आमच्या लिपीत एकेका अक्षराला स्वतःचा अर्थ असतो, आणि मावश्यांच्या नावांची ही हजेरी युनचिंगने लहानपणापासून ऐकलेली.

"थोरली शरदात झाली म्हणून चिउमोई. शरद. दुसरी चिनमोई, सोनं. तोवर हौस होती. तिसरी चाउमोई. बोलव, भावाला बोलव! चौथी वोनमोई. बदल, पुढच्या खेपेला बदलून मिळू दे. आणि पाचवी मी. मानमोई. भरलं! काठोकाठ! आता पोरी पुरे! माझा बाप कचेरीत जाऊन सरकारला सांगून आला, की पुरे. शाळेत बादली भरली की मुली नळावरून ओरडायच्या, 'मानमोई, ए मानमोई!' मी आपली पळत जायची, आणि त्या हसायच्या."

"बाळाचा महिना भरला तेव्हा आपण लाल अंडी वाटली, त्या 'महिना भरला'मध्येही हेच अक्षर आहे की. भरलं म्हणजे काय वाईटच?"

"महिना भरतो. पोर भरत नाही."

"आई, मला 'मान' म्हटलं की बादली नाही दिसत. तू दिसतेस."

मानमोई परत बाहेर जाऊन छत्र्या फिरवायला लागली. वाळलेली छत्रीही तिने उन्हात सरकवली.

तेवढ्यात फाटकातून चिउमोई आली. थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हातात तांदळाच्या रुंद शेवयांचं पुडकं.

"काय गं, छत्र्यांची वरात काढतेयस का? गरगर फिरवतेयस नुसती."

"ताई, तू तरी सांग तिला. माझं 'मान' लावतेय पोरीला."

"मग लावू दे की. चांगलं तर आहे."

"चांगलं? 'भरलं, पुरे' हे चांगलं?"

चिउमोईने पुडकं ओट्यावर ठेवलं आणि बहिणीकडे बघत राहिली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं.

"कोण म्हणालं भरलं?"

"माझ्या ओळखपत्रावर लिहिलंय!"

"ते त्या कारकुनाने लिहिलंय. बाबांनी नाही." चिउमोई खुर्चीत बसली. "अगं बये, मी होते ना बरोबर. अकरा वर्षांची. बाबांचा हात धरून चालत गेले होते कचेरीत. बाबा म्हणाले, 'मान. धाकटं शेंडेफळ असतं ना, ते मान.' आपण धाकट्या काकाला काय म्हणतो? मानकाका. ते काय भरले होते का कुठे? कारकून समुद्रापलीकडून आलेला, त्याला आपली बोली ओ की ठो कळेना. बाबांनी हवेत बोटाने अक्षर काढून दाखवलं. तो म्हणाला, असलं अक्षर नसतं. आणि आपलं त्याच्या माहितीतलं, तसंच ऐकू येणारं 'मान' ठोकून दिलं, भरलेलं. बाबा घरी येईपर्यंत शिव्या देत होते. मला सगळ्या पाठ आहेत, पण बाळ ऐकतंय."

मानमोई उभी होती ती खालीच बसली. ओट्यावर नाही, जमिनीवर.

"आणि हे तू मला आज सांगतेयस?"

"मला काय माहीत तुला माहीत नाही ते! साठ वर्षं मी तुला 'मान' हाक मारतेय. हाकेत अक्षर दिसतं का?"

"एकदा तरी बोलायचंस!"

"तू विचारलंस कधी? तू सगळं आधीच ठरवून फुगून बसलेली. आई म्हणायची, हिला काही विचारू नका, चावेल."

युनचिंग बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली होती. "पण मावशी, कशावरून? काही कागद?"

"कागद कसला! आजोबा गेले तेव्हा तुझी आई सहा वर्षांची." चिउमोईने हनुवटीनेच भिंतीकडे खूण केली. "कागद नाही. पेटी आहे. ती काय. इतकी वर्षं ही त्यात कचरा टाकतेय."

तुकड्यांची पेटी. बांबूच्या पट्ट्यांची, झाकण लाकडाचं, झाकणावर शाईने मोठी अक्षरं. वर 'शेपूट', म्हणजे शेवट, आणि त्याच्या पोटाशी 'लेकरू'. मानमोई शाळेत गेलेली, तिला दोन्ही वाचता येत होती. पण 'लेकरू' हे अक्षर आमच्याकडे कशाच्याही मागे लागतं, टोपीच्या, टेबलाच्या, चाकूच्या, त्याला तिथे काही अर्थ नसतो. म्हणून तिने आयुष्यभर ते 'शेवटचे तुकडे' असंच वाचलं होतं. कामट्यांची टोकं टाकायची पेटी. आणि टाकत आली होती.

"दोन नाहीत ती," चिउमोई म्हणाली. "एकच अक्षर आहे. मान. तू झालीस तेव्हा बाबांनी ही पेटी विणली. गोंदाच्या पातेल्यापासून तीन हातांवर ठेवायचे, तू आत. ओवताना पायाने हलवायचे. आम्हा चौघींना कोणी पेटी विणली नाही हो, सांगते. आम्ही आपल्या आईच्या पाठीवर. मी तर जळायची तुझ्यावर."

"मग चाउमोई, वोनमोई ही नावं?" मानमोईने विचारलं.

"ती आजीने ठेवली. तुझ्या वेळी बाबा म्हणाले, हिचं मी ठेवणार."

मानमोईने पेटी उलटी केली. चिंध्या, टोकं, दोऱ्यांची गुंतवळ अंगणभर झाली. मग बाहीने ती झाकण पुसायला लागली. शाई पुसली जाईल या भीतीने थांबली, पुन्हा पुसायला लागली. तळाशी बांबूच्या पट्ट्या एका जागी गुळगुळीत झाल्या होत्या. तिने तिथे तळहात ठेवला, काढला, परत ठेवला.

"साडेचार वाजलेत," युनचिंग म्हणाली. "आई, गाडीत बस. बाळाला धर. मावशी, तूही चल. आता तर नक्कीच मानलिन. हे अक्षर लिहू, आजोबांचं."

मानमोईने झाकण उचललं आणि काखेत धरून गाडीत बसली. बाळ चिउमोईकडे गेलं.

कचेरीत गर्दी नव्हती. खिडकीपलीकडे फुंगबाई होत्या, मेईनुंगच्याच, छत्र्यांच्या गल्लीत लहानपण गेलेलं.

"मानलिन," त्यांनी अर्ज वाचला. "कुठलं मान? भरलेलं?"

"नाही," युनचिंग म्हणाली. "वर शेपूट, खाली लेकरू. आई, झाकण दाखव."

फुंगबाईंनी झाकण बघितलं, मग संगणकात शोधलं. "आहे की! सापडलं. पण ताई, हे शेंडेफळाचं. तुमची तर पहिलीच ना?"

"पहिली आणि शेवटची. मला एकच हवी आहे."

"ते आज म्हणतेस," चिउमोई पुटपुटली. "दोन महिने झोप नाही मिळाली की सगळ्याच म्हणतात."

फुंगबाईंनी बोट कळीवर ठेवलं. "मग टाकू हेच?"

"थांबा!" मानमोई इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या खिडकीतला माणूस वळला. "हे नाही."

"आई! आता काय? भरलेलं नको म्हणालीस, कळलं. आता हे तर तुझ्या बाबांनी..."

"तेच तर." मानमोईने झाकण दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. "ते माझं आहे. सदुसष्ट वर्षांनी आज दुपारी मिळालंय मला. लगेच कसं देऊन टाकू?"

चिउमोई खो-खो हसायला लागली आणि तिच्या खांद्यावरचं बाळ रडायला लागलं.

"चावतेच ही," चिउमोई म्हणाली. "पोरीला पाळणा म्हणूनसुद्धा आपली पेटी देणार नाही."

"पेटी देईन. अक्षर नाही."

"सतरा मिनिटं आहेत," फुंगबाई म्हणाल्या. "नाव तर लागेल काहीतरी. आणि मावशी, तुमच्या अक्षराची दुरुस्ती करायची असेल तर वेगळा अर्ज आहे. पण त्याला कागद लागतात जुने. झाकण चालायचं नाही."

"अर्ज द्या. उद्या येते. झाकण चालत नाही म्हणालात तर परवा पेटी घेऊन येते, आणि ही साक्षीदार." तिने बहिणीला पुढे ढकललं. "आधी पोरीचं."

युनचिंगने कपाळाला हात लावला. "मग सांग. तूच सांग. 'लिन' राहू दे, त्याच्या आधी काय?"

मानमोई खिडकीपासून दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. तिची बोटं हवेत काहीतरी ओवत होती, एक कामटी, दुसरी कामटी, वळसा घालून पुन्हा पहिली.

"येन," ती म्हणाली.

"तंबाखूचं येन?" फुंगबाईंनी डोळे मोठे केले. आमच्याकडे तंबाखू आणि गोल, दोन्हींना येनच म्हणतात, फक्त सूर जरा खालीवर.

"तंबाखूचं कसं असेल! पोरगी आहे की विडी? गोल. छत्री उघडल्यावर होते तसं गोल. येनलिन." मग तिने मुलीकडे बघितलं, पहिल्यांदाच जरा घाबरून. "चालेल का गं तुला?"

युनचिंगने बाळाला मावशीकडून घेतलं. बाळ रडायचं थांबत नव्हतं. "येनलिन," तिने बाळाच्या कानाशी म्हणून बघितलं. आणखी एकदा म्हटलं. "चालेल. पण पाच वाजता तुझं आणखी काही निघालं ना आई, तर हिचं नाव मी तंबाखूच ठेवीन."

फुंगबाईंनी टाइप करायला सुरुवात केली.

"असं नाही," मानमोई म्हणाली. तिने खिडकीच्या कडेचं पेन ओढलं, अर्जावरचं 'मान' खोडलं, आणि त्याच्या शेजारी 'गोल' काढलं. एकेक रेघ दाबून, दोऱ्याची गाठ मारावी तशी. मग छापील कागद बाहेर आला तेव्हा तो तिने सहीसाठी मुलीला दिला नाही. आधी उजेडाकडे नेला.

"बरोबर आहे मावशी, मी बघितलंय," फुंगबाई म्हणाल्या. "कुलूप लावायचंय."

"लावा की. मला आतच राहू दे," मानमोई म्हणाली, आणि बोट ठेवून अक्षर मोजायला लागली, एकेक रेघ.