शार्कसारखं चालणं

वसीम गेला. आणि आम्ही दीड वर्षापासून बोलत नव्हतो.

देऊळघाटचा वसीम. बीएस्सीला माझ्याच बेंचवर बसायचा.

समुद्र आम्हा दोघांनीही कधी पाहिला नाही. पण हा दिवसभर मोबाईलवर शार्कचे व्हिडिओ पाहायचा.

"लोकायले वाटते शार्क एकटीच फिरते," म्हणायचा. "त्याईचेबी ठरलेले दोस्त असतात बे."

आणखी एक गोष्ट तो नेहमी सांगायचा. दोन मोठ्या शार्क समोरासमोर आल्या, तर बहुतेक वेळा चावाचावी होतच नाही. बाजूबाजूनं पोहतात, एकमेकींचा अंदाज घेतात. मग एक वळते, दुसरीला रस्ता देते. विषय संपला.

माझं डोकं किती लवकर फिरतं, ते कॉलेजातल्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्यानं आमच्यासाठीही तोच रूल काढला. भांडण झालं की देऊळघाटच्या रस्त्यानं सोबत चालायचं. तोंड बंद. जो आधी बाजूला वळला तो हरला, भांडण खतम.

दरवेळी तोच वळायचा.

मग मी कॉलेजातल्या पल्लवीला विचारलं, तिनं नाही म्हटलं. तरी मी रोज तिच्या क्लासच्या दारात.

"तिनं नाही म्हटलं ना? मंग काऊन उभा राह्यतं बे इथं? घाबरून राह्यली ती तुले."

वसीम सगळ्यांसमोर बोलला. मी कॉलर धरून त्याला भिंतीवर ढकललं.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला जाणंच सोडलं.

आठवड्यानं तो रस्त्यात दिसला. काही न बोलता माझ्या बाजूनं चालायला लागला.

मी ऑटोला हात केला. निघून गेलो.

तो खरं बोलला होता, हे मला ऑटोतच कळलं होतं. पल्लवी अजूनही डोक्यातून जात नाही, पण त्या दारात मी परत गेलो नाही. एवढं तरी त्याला सांगायचं होतं.

मागच्या आठवड्यात कळलं, वसीमला ताप आहे. म्हटलं, करेल तोच फोन.

काल त्याचा जनाजा निघाला. मीपण खांदा दिला. चार पावलं झाली की मागच्यानं पुढे यायचं, पुढच्यानं जागा सोडायची. मी सोडतच नव्हतो.

त्याचा मोठा भाऊ कानाशी आला. "सरक ना रे. बाकीच्यायलेबी येऊ दे."

मी बाजूला झालो.

या वेळी मी आधी वळलो, वसीम.

भांडण खतम.

झोप आता, दोस्ता.