रेकॉर्डवर वाजलेला दात

माझ्या नावावर एकच रेकॉर्ड आहे. तिच्या कव्हरच्या मागे सतरा जणांचे आभार मानलेत. त्यात स्टुडिओचा वीजवाला आहे, चहा आणून देणारी बाई आहे आणि सर्वांत शेवटी स्टुडिओच्या दारात झोपणारा कुत्रासुद्धा आहे. ज्यांच्यामुळे ती रेकॉर्ड झाली, ते तेवढे नाहीत. चूक माझी. ती कबूल करायला फार उशीर केला मी.

ते दातांचे कारागीर. डॉक्टरांचा दवाखाना वर, हे खाली तळघरात. वरून नंबर टाकलेला प्लास्टरचा साचा यायचा आणि त्या नंबरासाठी हे कॅप नाहीतर कवळी बनवायचे. वीस वर्षांत हजारो लोकांच्या हसण्याची सोय त्यांनी केली, पण त्यातला एकही माणूस पाहिला नव्हता. पेशंटनं खाली उतरायचं नाही, असा दवाखान्याचा नियमच होता.

माझा दात गेला तो रेकॉर्डिंगच्या अकरा दिवस आधी. तालमीत आमचा ड्रमवाला स्टँड हलवायला म्हणून वळला आणि मी वाजवत असतानाच त्याचं कोपर ट्रंपेटला लागलं. वरचा पुढचा दात अर्धा तुटून हातात आला. ट्रंपेटवाल्याचा ओठ दातावर टेकलेला असतो. दात गेला की सूर गेला. स्टुडिओची तारीख नाकदुऱ्या काढून मिळवलेली. ती पुढे ढकलली असती तर कंपनीनं हात वर केले असते, हे नक्की.

डॉक्टरांनी कॅप बसवली. सरळ, पांढरीशुभ्र. आरशात बघून मी बेहद्द खूश. घरी येऊन ट्रंपेट तोंडाला लावला तर खालचे सूर कसेबसे निघाले, वर गेलो की नुसती हवा. फुस्स. दोन दिवस फुंकून फुंकून ओठ सुजले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी असा काही आवाज चढवला की डॉक्टरांनी हात टेकले. "खाली जा," म्हणाले, "ज्यानं बनवलीय त्याच्याशी भांडा."

भांडायच्या तयारीनंच मी उतरलो. एक पिवळा बल्ब, भिंतभर फळ्या, फळ्यांवर साचेच साचे, मेणाचा वास. कानशीनं काहीतरी घासत बसलेल्या गृहस्थांनी "नमस्कार" वगैरे भानगडीत न पडता सांगितलं, "तोंड उघडा."

मी उघडलं.

"अच्छा, ते तुम्ही होय! चुकलंच माझं. शेजारच्या दातावरून अंदाज केला मी. तुमचा मूळचा तिरका होता ना?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती? हसतानाचा फोटो आणा एखादा. आणि ते तुमचं वाजवायचं पण आणा."

एवढ्या सरळपणे चूक मान्य करणाऱ्या माणसाशी भांडणार काय, कपाळ? पण हसतानाचा फोटो आणायचा कुठून? मी तेव्हा स्वतःला मोठा कलावंत समजत असे. माझे सगळे फोटो भुवया ताणून काढलेले. शेवटी ताईच्या अल्बममध्ये एक सापडला. "तू हसतोस याचा हा एकच पुरावा आहे, हरवू नकोस," असं बजावून तिनं तो दिला.

त्या फोटोवरून कारागिरांनी, म्हणजे एव्हाना मी ज्यांना काका म्हणू लागलो होतो त्यांनी, वाकडी कॅप केली आणि मग चार दिवस तळघरात आमचं एकच चाललं. मी वरचा सूर लावायचा, काकांनी डोळे मिटून ऐकायचं, कॅप काढून कानशीचे दोन हात मारायचे आणि परत बसवायची.

"संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले, "पण हवा कुठनं पळते ते ऐकू येतं."

पेशंट घाबरतात म्हणून डॉक्टर जिन्यातून ओरडायचे. "घाबरू देत," म्हणून काका मला खूण करायचे, वाजवा. चौथ्या दिवशी सूर लागला आणि लागूनच राहिला. काका पहिल्यांदाच हसले. तेव्हा दिसलं, त्यांचे स्वतःचेच पुढचे दोन दात गायब होते.

रेकॉर्ड झाली. तिसऱ्या गाण्यातला तो लांब सूर आजही ऐकला की मला माझाच हेवा वाटतो. पण आमच्या जॅझमध्ये इलेक्ट्रिक गिटारही होती; जॅझवाल्यांनी त्या गिटारला नाक मुरडलं, गिटारवाल्यांनी ट्रंपेटला, आणि कव्हरवर ट्रंपेट बघून दुकानदारांनी ती परेडच्या बँडच्या रेकॉर्डींमध्ये ठेवून दिली. तिथेच ती धूळ खात पडली. आणि काकांचं नाव मी का टाकलं नाही? टाकलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, हे कोण? माझा दात खोटा आहे हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. इतकं साधं, इतकं कोतं कारण.

एकतीस वर्षांनी एका बिस्किटानं ती कॅप तोडली. मी ट्रंपेट घेऊन थेट तळघरात गेलो. दवाखाना नवीन डॉक्टरांचा, खाली मात्र तोच मेणाचा वास. कानस आता काकांच्या मुलीच्या हातात होती. काका भिंतीशी खुर्चीत बसले होते, हात थरथरत होते. फळीवर माझा साचा होता. त्यावर नंबर नव्हता, 'ट्रंपेट' असं कोरलं होतं. शेजारी माझी रेकॉर्ड, कडा पार झिजलेल्या.

"परेडच्या बँडमधून शोधून आणली होती बाबांनी," मुलगी म्हणाली. "माल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तिसरं गाणं ऐकवतात. म्हणतात, ऐका, हा माझा दात."

तिनं साच्यावरून कॅप केली, मी सूर लावला. काकांनी डोळे मिटले.

"डावीकडनं पळतेय अजून."

तिनं कानशीचे दोन हात मारले. सूर लागला.

मग मी कव्हर मागून घेतलं, खिशातलं पेन काढलं. "काका, तुमच्यामुळे मी वाजवू शकलो. तुमचं नाव इथे हवं होतं. मी लाजलो, चुकलो." यादीच्या खाली मोकळी जागा होती, तिथे मी पेन टेकवलं.

"तिथे नको," काका म्हणाले. एकतीस वर्षं त्यांनी ती यादी वाचली होती. "कुत्र्याच्या वर लिहा."

मी पेन उचललं आणि सतराही नावांच्या वर त्यांचं नाव लिहिलं.