कूलर बंद, गळ पाण्यात

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. त्या "भाऊजी..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. पण त्यांच्या मागे कूलर घरघरत होता, त्यानेच मला सगळं सांगितलं. अकोल्यात, जठारपेठेतल्या त्या घरात, ऐन उन्हाळ्यात पाच ते सातच्या मध्ये कूलर सुरू आहे, म्हणजे वसंता गेला. तो असताना त्या दोन तासांत कूलरच्या बटणाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. काहून, ते सांगतो.

वसंता आणि मी पाटबंधारे खात्यात एकाच दिवशी लागलो. तो पात्रातल्या मोजपट्टीवर पाणी किती चढलं ते वाचायचा, मी कचेरीत बसून ते वर कळवायचो. त्यामुळे जन्मभर त्याने मोजलं आणि मी फुगवलं. दर रविवारी तो अकोल्याहून अमरावतीला यायचा, आणि माझ्या स्कूटरवर आम्ही कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी गळ टाकायला जायचो. परत आल्यावर मासा केवढा होता हे सांगायला मी दोन्ही हात पसरले, की वसंता शेजारून म्हणायचा, "गजा, चार बोटं कमी कर." मी हात जवळ आणायचो. "आनखी चार." असं करता करता एकदा माझे तळहात एकमेकांना टेकले, आणि समोरच्या पाहुण्यांना वाटलं मी निरोप देतोय. त्यांनी उठून जय भीम केला आणि चहा न घेता निघून गेले.

मग वसंताच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी प्रवास, ऊन आणि नदीचा उतार, तिन्ही बंद केले. महिन्याभरात माणूस असा वाळला, की वसंताने शर्ट घातलाय की शर्टाने वसंता, ते कळेना. जेवण समोर यायचं आणि तसंच परत जायचं. हृदयाचं डॉक्टर बघतील, पण पाण्यावाचून हा टिकत नाही, हे मला दिसत होतं. वहिनींनाही दिसत होतं. शेवटी त्यांच्या सुनेने उपाय काढला. तिने त्याच्या टॅबवर एक ऑनलाइन खेळ टाकून दिला. त्यात राक्षस, जादूगार, उडते ड्रॅगन, आणि जगभरातली माणसं तलवारी उपसून इकडून तिकडे पळत असतात. पण गावाबाहेर एक तळं असतं, आणि तिथे मासे धरता येतात. माझ्या फोनवरही तोच खेळ आला. वसंता जठारपेठेत, मी अमरावतीत, आणि पडद्यावर आमच्या दोन्ही बाहुल्या एका तळ्याकाठी...

गळ मात्र फुकट नव्हता. वेशीवरची दुकानदारीण म्हणाली, आधी दहा उंदीर मारून आणा. वसंता अडून बसला.

"त्या उंदरानं माह्यं काय केलं? मी नाई मारत."

"अन् मासा रे?"

"मासा येगळा. त्याले मी सोडून देतो."

मी एका दुपारी इतके उंदीर मारले, की त्या राज्यातल्या मांजरी उपाशी राहिल्या असतील. वसंता दहा दिवस जंगलात आळंबी वेचत फिरला, मागून डरकाळ्या येत होत्या तरी वाकून वेचत राहिला, आणि ती देऊन त्याने गळ घेतला.

आता मासा धरणं तिथे फार सोपं. गांडूळ लावायचं, गळ टाकायचा, पाण्यावरचं लाल बूच बुडालं की त्याच क्षणी बटण दाबायचं. पण वसंताची रीत वर्धेची. पहिल्या हिसक्याला मासा नुसता चाखतो, दुसऱ्याला ठरवतो, तिसऱ्याला ओढायचं. खेळातल्या माशाला एकच हिसका ठाऊक. तीन आठवडे वसंता तिसऱ्या हिसक्याची वाट पाहत बसला. मी इकडून फोनवर ओरडायचो, "दाब ना बे, दाब!" आणि तो कुजबुजायचा, "बोंबलू नको. तुह्या आवाजानंच पळून राह्यले."

झालं. त्या दिवसापासून रोज पाच ते सात, मासे धरताना घरात आवाज बंद. आधी टीव्ही गेला, मग मिक्सर, मग कूलर. अकोल्याचा मे महिना! त्या खोलीत मळून ठेवलेल्या कणकेची आपोआप पोळी होत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका रविवारी मी तिथेच होतो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अवो, मासे त्या टॅबात हायेत. त्याईले कूलर कुठून आयकू येईन?"

"अन् मी कुठं हावो?" वसंता मान वर न करता म्हणाला. "मी पान्याकाठी बसून हावो, सुमन."

वहिनींनी उठून कूलर बंद केला आणि पुठ्ठ्याने त्याला वारा घालत बसल्या. त्या दिवशी रात्री तो दोन भाकरी जेवला.

पहिला मासाही त्या उकाड्यानेच दिला. नाकावरून घामाचा थेंब काचेवर पडला, नेमका बटणावर, नेमका पहिल्या हिसक्याला. वसंताने माशाच्या चित्रावर पट्टी ठेवून मोजलं, "सव्वा बोट," म्हणाला आणि पाण्यात सोडून दिला. मग मात्र तो तळ्याचा मालकच झाला. येईल त्या योद्ध्याला लिहायचा, "जय भीम. कोन्या गावचे?" दोन शिंगांचा, आग ओकणारा एक राक्षस मूर्तिजापूरचा निघाला. तलवार खाली ठेवून तोही शेजारी बसला, तासभर, गुपचूप. असे तीन उन्हाळे वसंता पाण्याकाठी जगला.

वसंताचं पुण्यानुमोदन झालं, वंदनेला आलेले पाहुणे पांगले, त्यानंतर काही आठवड्यांनी मी जठारपेठेत गेलो. पाच वाजले. वहिनी उठल्या, कूलर बंद केला, टॅब माझ्यापुढे सरकवला आणि पुठ्ठा घेऊन बसल्या. मी तोंड उघडलं.

"बोलू नका, भाऊजी."

मी गळ टाकला. इतका वेळ मी जन्मात गप्प बसलो नव्हतो. खोलीत फक्त पुठ्ठ्याचा आवाज... बूच बुडालं. माझं बोट तिसऱ्या हिसक्यासाठी अडलं, तर वहिनीच पुटपुटल्या, "दाबा." मासा आला. आम्ही दोघांनी तो पाहिला आणि सोडून दिला.

अमरावतीला परतल्यावर बायकोने विचारलं, "केवढा होता?" सवयीने माझे दोन्ही हात पसरले. मी थोडा थांबलो. शेजारून कोणी काही म्हणेना. मग मीच हात जवळ आणले. चार बोटं. आणखी चार. पुन्हा चार...

मासा सव्वा बोट होता.